पहाटे छतातून थेंब आणि चहाच्या वेळी उडणारा फ्यूज: गाडीतील मुक्कामाच्या नेहमीच्या तक्रारी आणि त्यांचे निवारण

शुक्रवारी रात्री मुंबईतून निघायचे, भिवंडी बायपासच्या कोंडीतून सुटका करून घेत मध्यरात्रीनंतर कसारा घाट चढायचा आणि भंडारदरा किंवा साम्रदच्या बाजूला एखाद्या मोकळ्या जागी गाडीतच पाठ टेकायची, हा क्रम थार, जिम्नी, गुरखा, स्कॉर्पिओ यांसारख्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या चांगलाच अंगवळणी पडला आहे. त्यांच्या तक्रारीही जवळपास ठरलेल्या असतात. पहाटे तीन-चारच्या सुमारास कपाळावर थंड थेंब पडून जाग येते, पांघरूण दमट लागते, काचा आतून पांढुरक्या झालेल्या असतात आणि कंबर धरलेली असते. निदान गरम चहा तरी घ्यावा म्हणून बारा व्होल्टची किटली लावावी, तर पंधरा-वीस मिनिटांनी फ्यूज उडतो, किंवा चहा होतो आणि गाडी स्टार्ट होत नाही.

यावर बहुतेक जण आधी गादी बदलतात, मग किटली बदलतात आणि शेवटी मोठी बॅटरी बसवून घेतात. तरीही पुढच्या थंडीत रड तीच. या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी, कंबरदुखी सोडल्यास, त्यांच्या मुळाशी दोनच हिशेब आहेत. बंद केबिनमध्ये रात्रभरात किती वाफ साचते हा पहिला, आणि अर्धा लिटर पाणी उकळायला किती ऊर्जा लागते हा दुसरा. हे दोन आकडे एकदा समजले की काय विकत घ्यायचे आणि काय नाही हे ठरवणे सोपे जाते, आणि माझ्या मते घ्यायच्या वस्तूंची यादी फारच लहान निघते.

पाणी गळतीचे की वाफेचे?

छतातून थेंब पडला की गाडीच्या रबरी बीडिंगवर संशय जातो आणि माणूस सिलिकॉनची ट्यूब घेऊन बसतो. त्याआधी एक साधी तपासणी करावी. प्लॅस्टिकच्या पिशवीचा वीतभर तुकडा कापून तो छताला किंवा आतल्या पत्र्याला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि त्याच्याखाली एक रात्र झोपावे. सकाळी पाणी प्लॅस्टिकच्या केबिनकडील बाजूवर दिसले, तर ते आपल्याच श्वासाचे आहे. प्लॅस्टिकच्या मागे, म्हणजे पत्र्याकडे दिसले, तर गळती आहे. शिवाय गळतीचे पाणी एका ठिकाणाहून येते, मागे मातकट ओघळ ठेवते आणि पाऊस असतानाच दिसते, तर वाफेचे पाणी बारीक दवासारखे सगळीकडे सारखे पसरते आणि निरभ्र, कोरड्या रात्री अधिक दिसते. आकाश मोकळे असताना पत्र्याचे छत आपली उष्णता वर फेकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते, म्हणून पाऊस नसलेल्या डिसेंबरच्या रात्रीच छत सर्वाधिक ओले होते. झाडाखाली लावलेल्या गाडीला हा त्रास कमी होतो, कारण वरची फांदी आकाशाकडे जाणारी उष्णता काही प्रमाणात अडवते. मात्र कोकणात हा उपाय करताना वर नारळ नाही ना, हे पाहूनच गाडी लावावी.

वाफेचा हिशेब असा आहे. झोपलेला माणूस श्वास आणि त्वचा यांवाटे ताशी साधारण ३० ते ४० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने बाहेर टाकतो. दोन माणसे सात तास झोपली, तर सकाळपर्यंत केबिनमध्ये जवळपास अर्धा लिटर पाणी सोडलेले असते. अशा गाडीच्या केबिनचे आकारमान तीन घनमीटरच्या आसपास धरले आणि बाहेर १० अंश तापमान असले, तर त्या तापमानाला एक घनमीटर हवा जेमतेम साडेनऊ ग्रॅम वाफ धरू शकते. म्हणजे सगळी केबिन मिळून सुमारे २८ ग्रॅम. दोन माणसांच्या श्वासाने ही मर्यादा अर्ध्या तासाच्या आतच भरते, आणि त्यानंतरची सगळी वाफ काच, पत्रा आणि पांघरूण यांवर बसते. महागडी गादी किंवा सिलिका जेलच्या चार पुड्या या हिशेबापुढे काहीच करू शकत नाहीत, हे उघड आहे.

हवेला वाट द्यावी, पण कुठून?

थंड रात्री बाहेरच्या हवेत मुळातच वाफ कमी असते, त्यामुळे ती आत घेऊन आतली बाहेर काढणे हाच स्वस्त आणि खात्रीचा उपाय ठरतो. वरच्या उदाहरणातील परिस्थितीत ताशी पंधरा ते वीस घनमीटर हवा बदलली गेली पाहिजे, म्हणजे केबिनमधली सगळी हवा तासाला पाच-सहा वेळा पालटली पाहिजे. एकच काच बोटभर खाली केल्याने हे साधत नाही, कारण हवेला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची अशा दोन वाटा लागतात. समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन काचा, एक वाऱ्याच्या बाजूची आणि दुसरी आडोशाची, दोन-तीन सेंटिमीटर उघड्या ठेवल्या की फरक पहिल्याच रात्री जाणवतो. दारांना व्हायझर, म्हणजे काचेच्या वरच्या कडेला पाऊस अडवणाऱ्या पट्ट्या, बसवलेले असतील, तर हलक्या पावसातही एवढी फट ठेवता येते.

तीन दारी थारच्या हार्डटॉपमध्ये, म्हणजे पक्क्या छताच्या गाडीत, मागच्या बाजूच्या काचा उघडत नाहीत, त्यामुळे मागे डोके करून झोपणाऱ्यांच्या भोवतीची हवा साचून राहते आणि पुढच्या दोन्ही काचा उघड्या असूनही मागचे छत टपकते. अशा गाडीत डोके पुढच्या बाजूला करून झोपणे अधिक चांगले. पुढची काच ओली होईल, परंतु काच कापडाने पुसता येते आणि छताचे अस्तर पुसता येत नाही. शक्य असल्यास मागची वर उघडणारी काच थोडी उघडी ठेवून पट्ट्याने बांधावी आणि तिथे छोटा पंखा बाहेरच्या दिशेने हवा फेकेल असा लावावा. लॅमिंग्टन रोडवर संगणकासाठी मिळणारा बारा सेंटिमीटरचा पंखा या कामाला पुरेसा आहे. तो साधारण दोन वॅट वीज घेतो, म्हणजे आठ तासांत सोळा वॅट-तास, आणि १०,००० एमएएचची पॉवर बँक कागदोपत्री ३७ वॅट-तासांची असते. पाच व्होल्टवर चालणारा पंखा घेतल्यास गाडीच्या बॅटरीला हात लावण्याची गरजच उरत नाही. पंखा आत वारा घालण्यासाठी नव्हे, तर हवा बाहेर काढण्यासाठी लावायचा आहे; उलटा लावला तर तोंडावर गार झोत येतो आणि पाच मिनिटांत कोणीतरी तो बंद करतो.

काचा उघड्या ठेवण्याला खरा अडथळा थंडीपेक्षा डासांचा असतो, आणि मलेरिया-डेंग्यू पाहिलेल्या मुंबईकरांना त्यावर अधिक सांगायला नको. दाराच्या चौकटीवर मोज्यासारखी चढणारी जाळी सर्वांत सोयीची, कारण ती बसवून दार बंद केल्यावर काच आतून हवी तेवढी खाली करता येते. चुंबकाच्या पट्टीची जाळीही चालते, पण ती फक्त लोखंडी चौकटीवर धरते. प्लॅस्टिकच्या आच्छादनावर निसटते आणि फट राहते. जाळीमुळे हवेचा प्रवाह बराच मंदावतो, म्हणून जाळी लावल्यावर काच दुप्पट उघडावी.

पावसाळ्याचे गणित मात्र वेगळे आहे. जुलैच्या रात्री मुंबईत किंवा किनारपट्टीवर २६ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असते, तेव्हा बाहेरची हवाच प्रत्येक घनमीटरमागे सुमारे २२ ग्रॅम वाफ घेऊन आत येते. ती कितीही खेळवली तरी पांघरूण कोरडे होत नाही. फक्त कोंदटपणा जातो. या दिवसांत एक चूक फार जण करतात. झोपण्यापूर्वी एसी लावून केबिन गारेगार केली जाते आणि मग इंजिन बंद करून काचा उघडल्या जातात. बाहेरची दमट हवा थंड झालेल्या पत्र्यावर आणि आसनांवर येऊन ओल धरते, आणि थंडीतली तक्रार पावसाळ्यात नव्याने सुरू होते. पावसाळ्यात एसी झोपण्याच्या अर्धा तास आधीच बंद करावा, काचा उघडाव्यात आणि गाडी बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावी.

इंजिन आणि एसी रात्रभर चालू ठेवून झोपणे हा या कोणत्याही तक्रारीवरचा उपाय नाही. उभ्या गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड एखाद्या फटीतून किंवा वाऱ्याबरोबर आत येऊ शकतो. एक्झॉस्टचे तोंड चिखलात, वाळूत किंवा गवतात अडकले असेल तर धोका आणखी वाढतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे करत नाही.

कंबर का धरते?

गादीची जाडी हा इथला दुय्यम मुद्दा आहे. जमिनीचा उतार हा पहिला. डोके पायांपेक्षा किंचित खाली असले तरी झोप लागत नाही, आणि आडवा उतार असला तर रात्रभर शरीर नकळत स्वतःला सावरत राहते, त्यामुळे सकाळी स्नायू दुखतात आणि दोष फोमला दिला जातो. गाडी लावल्यावर अंथरुणाच्या फळीवर गवंड्याची छोटी पाणसळ किंवा मोबाइलमधील लेव्हल ठेवून पाहावी. तीन दारी थारच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर, म्हणजे व्हीलबेस, २४५० मिलिमीटर आहे. दोन अंशांचा उतार काढायचा तर खालच्या बाजूची चाके सुमारे साडेआठ सेंटिमीटर वर घ्यावी लागतात, जे दोन सपाट दगडांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर सहज होते. तेवढा खटाटोप करायचा नसेल, तर निदान डोके चढाच्या बाजूला येईल अशी गाडी वळवून लावावी. हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना उताराच्या बाजूने अडसर लावावा.

आसने दुमडल्यावर राहणारी पायरी आणि पोकळी हे दुसरे कारण. जिम्नीत पुढच्या आसनांचे हेडरेस्ट काढून पाठ मागे टेकवली की ती मागच्या आसनाला जाऊन मिळते, पण पृष्ठभाग लाटेसारखा राहतो. तीन दारी थारमध्ये मागची आसने दुमडली तरी सरासरी उंचीच्या माणसाला पाय सरळ पसरता येत नाहीत आणि पुढची आसने सरकवून मधली जागा भरावी लागते. पोकळीत कपड्यांच्या बॅगा कोंबणे हा प्रचलित मार्ग आहे. मध्यरात्री बॅग खचते आणि कंबर त्या खड्ड्यात जाते. त्याऐवजी त्या मापाचा रिबॉन्डेड, म्हणजे फोमचे तुकडे दाबून बनवलेल्या, फोमचा ठोकळा कापून घ्यावा, कारण तो दबत नाही, आणि वर ४० डेन्सिटीचा दोन ते तीन इंच फोम टाकावा. मऊ, कमी डेन्सिटीचा सहा इंच फोम दुकानात बोटाने दाबून छान वाटतो, परंतु शरीराच्या भाराने तो तळापर्यंत दबतो आणि खालच्या पत्र्याची थंडी थेट पाठीला भिडते. थंडीच्या दिवसांत वर एक पांघरूण वाढवण्यापेक्षा खाली एक घोंगडी वाढवणे अधिक उपयोगी पडते.

फळी करून घेत असल्यास १२ मिलिमीटरची मरीन प्लाय, आयएस ७१० शिक्क्याची, घ्यावी. साधी प्लाय ओल धरून एका पावसाळ्यात फुगते. फळीला वीतभर अंतरावर २५ मिलिमीटर व्यासाची भोके पाडून घ्यायला सुताराला सांगावे. शरीरातून निघालेली वाफ गादीतून खाली झिरपते आणि थंड फळीला लागून तिथेच पाणी होते. भोके नसतील तर गादीच्या खालच्या बाजूला काळी बुरशी येते आणि वास गाडीतून काही केल्या जात नाही. चालत्या गाडीत फळी पट्ट्यांनी जखडलेली असली पाहिजे, नाहीतर जोरात ब्रेक लावल्यावर ती मानेवर येईल. मूळ आसने कायमची काढून पलंग बसवण्याच्या भानगडीत पडू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात हाच मुद्दा पुढे येऊ शकतो.

गोधडीबद्दल एक शब्द. कापूस ओल शोषतो आणि सोडायला वेळ लावतो, म्हणून जाणकार कृत्रिम धाग्याची स्लीपिंग बॅग सुचवतात, आणि ते बरोबरच आहे. तरीही हवा खेळती ठेवलेल्या गाडीत गोधडीइतकी उबदार आणि अंगाला न टोचणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. अट एवढीच की सकाळी निघण्यापूर्वी ती बॉनेटवर उन्हात टाकावी आणि ओली घडी करून ठेवू नये.

चहा केबिनमध्ये उकळू नये

घाटात पाऊस लागला की बाहेरचा स्टोव्ह आत येतो, आणि इथे तक्रारनिवारणाचा विषय जिवाशी जाऊन भिडतो. बंद किंवा अर्धवट उघड्या केबिनमध्ये गॅस, स्पिरिट, कोळसा यांपैकी काहीही पेटवू नये. प्राणवायू कमी पडताच ज्योत कार्बन मोनॉक्साइड तयार करू लागते, आणि गार भांडे ज्योतीवर टेकलेले असले की त्याचे प्रमाण वाढते. शेगडीतले निखारे विझल्यासारखे दिसत असतानाही हा वायू सोडत राहतात, म्हणून ऊब यावी म्हणून शेगडी आत घेणे तर सर्वांत घातक. शिवाय स्टोव्हच्या कॅनमधला ब्यूटेन वायू जळला की दर १०० ग्रॅममागे सुमारे १५५ ग्रॅम पाण्याची वाफ तयार होते, म्हणजे ज्या ओलीशी रात्रभर झगडायचे तीच आपण स्वतः वाढवतो. युरोपीय ईएन ५०२९१-२ हे मानक मनोरंजनाच्या वाहनांसाठीच्या कार्बन मोनॉक्साइड अलार्मचे आहे. त्या खुणेचा, बॅटरीवर चालणारा अलार्म डोक्याजवळ ठेवावा. अलार्म आहे म्हणून स्टोव्ह आत आणण्याची मुभा मात्र मिळत नाही. डोके जड होणे, मळमळ आणि चक्कर ही लक्षणे गाडीत एकापेक्षा अधिक जणांना एकदम जाणवली, तर प्रवासाचा शीण समजून पडून न राहता सर्वांनी ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि १०८ वर फोन करावा.

फ्यूज का उडतो?

अर्धा लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर नेण्यासाठी सुमारे १५७ किलोज्यूल, म्हणजे साधारण ४४ वॅट-तास ऊर्जा लागते. घरातली १५०० वॅटची किटली हे काम दोन मिनिटांत करते, पण बारा व्होल्टवर तेवढ्या शक्तीला १२५ ॲम्पिअर प्रवाह लागेल. गाडीतल्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ ॲम्पिअरचा असतो, त्यामुळे तिथे चालणाऱ्या किटल्या १२० ते १५० वॅटच्याच असतात, आणि १२० वॅटची किटली आदर्श परिस्थितीतही त्याच पाण्याला बावीस मिनिटे घेते. उष्णतेची गळती धरली तर अर्धा तास. म्हणजे किटली सावकाश चालते हा तिचा बिघाड नाही. जाहिरातीत पाच मिनिटांत उकळी दाखवलेली असेल, तर ती या सॉकेटवरची असू शकत नाही.

बहुतेकांच्या अनुभवात किटली इंजिन बंद असताना चालते आणि इंजिन चालू केल्यावर फ्यूज उडतो, जे उलटे वाटते. कारण सरळ आहे. बारा व्होल्टला १२० वॅट घेणाऱ्या किटलीतल्या तापणाऱ्या तारेचा रोध १.२ ओहम असतो. इंजिन चालू झाल्यावर सॉकेटला १४.२ व्होल्ट मिळतात, प्रवाह १० वरून पावणेबारा ॲम्पिअरच्या पुढे जातो आणि शक्ती १६८ वॅटपर्यंत चढते. दहा ॲम्पिअरचा फ्यूज हा जादा भार काही मिनिटे सोसतो; फ्यूज-बॉक्स तापलेला असला आणि उकळी लांबली की उडतो. किटलीवरचे वॅट नेमके कोणत्या व्होल्टेजचे आहेत हे वाचावे, आणि १० ॲम्पिअरच्या सॉकेटवर १०० वॅटच्या पुढची किटली लावू नये. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा मोठ्या क्षमतेचा फ्यूज घालणे हा आपल्याकडचा सार्वत्रिक जुगाड आहे, पण त्यात वितळतो तो डॅशबोर्डमागचा हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा. किटली वापरल्यावर प्लग काढून बोटाने पाहावा; हाताला चटका बसण्याइतका गरम लागत असेल, तर सॉकेटची स्प्रिंग सैल झाली आहे किंवा आत मळ आहे, आणि ते सॉकेट बदलून घ्यायला हवे. नियमित वापर असल्यास कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या एखाद्या चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार, तिच्या सुरुवातीलाच फ्यूज, आणि वेगळे सॉकेट बसवून घेणे उत्तम.

गाडी स्टार्ट न होण्याचा दोष मात्र एकट्या किटलीवर टाकता येत नाही. अर्ध्या लिटरला गळतीसह पाच ॲम्पिअर-तास लागले असे धरले, तर दोन वेळच्या चहाला दहा लागतात, आणि ६०-७० ॲम्पिअर-तासांच्या धडधाकट बॅटरीला ते जड नाहीत. अडचण अशी की आठवडाभर दादर ते अंधेरी रखडत चाललेल्या गाडीची बॅटरी शुक्रवारी पूर्ण भरलेली नसते, आणि मुंबईच्या उष्णतेने लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्यही कमी होते. त्यात मागचे दार रात्री उघडे राहिले की आतला दिवा आणि गाडीतले संगणक जागेच राहतात. दार उघडे ठेवायचेच असेल, तर आतला दिवा बंद करावा आणि कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत फिरवून ठेवावी, म्हणजे गाडीला दार बंद असल्यासारखे वाटते. सकाळी दार आपटण्यापूर्वी ती हँडलने पुन्हा मोकळी करायला विसरू नये. साधा मल्टिमीटर जवळ ठेवावा. रात्रभर विसावलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२ व्होल्टच्या खाली किटलीचा विचारही करू नये. स्टार्टरसाठीची बॅटरी खोलवर रिकामी होण्यासाठी बनवलेली नसते, त्यामुळे तिची क्षमता वाढवून चहाचा प्रश्न सोडवणे हा चुकीचा खर्च आहे. पैसे घालायचेच असतील, तर लिथियमचे पाचशे वॅट-तासांचे पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारी स्वतंत्र बॅटरी, आणि तीनशे-साडेतीनशे वॅटची प्रवासी किटली घ्यावी. दहा मिनिटांत पाणी उकळते, आणि गाडी अलिप्त राहते.

त्याहून स्वस्त उपाय

एक लिटरचा स्टीलचा व्हॅक्यूम फ्लास्क. घरून निघताना, किंवा कसाऱ्याच्या अलीकडे एखाद्या धाब्यावर, फ्लास्क आधी उकळत्या पाण्याने विसळून पाच मिनिटे तसाच ठेवावा, ते पाणी ओतून टाकावे आणि पुन्हा काठोकाठ उकळते पाणी भरावे; वर हवा राहिली की उष्णता लवकर जाते. चांगल्या फ्लास्कमध्ये पहाटे हे पाणी सत्तर-पंचाहत्तर अंशांवर असते. कॉफीला ते तसेच चालते. आपल्या चहा पावडरीला उकळी लागते हे खरे, पण ७५ वरून १०० वर जायला थंड पाण्याच्या एक-तृतीयांश ऊर्जा लागते, म्हणजे तीच १२० वॅटची किटली दहा मिनिटांत उकळी आणते, फ्यूज तापण्याआधी काम संपते आणि बॅटरीवरचा भारही तिसऱ्या हिश्श्यावर येतो. मला हा उपाय सर्व उपकरणांपेक्षा जास्त पटतो.

किटलीत दूध कधीही घालू नये. ते तळाला लागते, फेस वर येऊन झाकणातून थेट प्लगकडे ओघळतो, आणि तो वास पुढच्या प्रत्येक चहाला येतो. किटलीत फक्त पाणी उकळावे. पावडर, साखर आणि ठेचलेले आले भांड्यात घालून वर उकळते पाणी ओतावे, पाच मिनिटे झाकावे, आणि टेट्रापॅकमधले दूध किंवा दूध पावडर शेवटी घालावी. पिशवीतले दूध रात्रभर गाडीत टिकत नाही. हा चहा घरच्यासारखा होणार नाही; खळखळून उकळलेला दुधाचा चहाच हवा असेल, तर बाहेर स्टोव्ह मांडण्याला पर्याय नाही.

बाहेरच्या स्टोव्हच्या बाबतीत दोनच बिघाड वारंवार दिसतात. पहिला म्हणजे थंडीत ज्योत मंदावणे. साध्या कॅनमधला ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, आणि गॅस बाहेर पडताना कॅन स्वतःही थंड होत जातो, त्यामुळे आठ-दहा अंशांच्या पहाटे अर्धा रिकामा कॅन दम धरत नाही. तो रात्री आत पायाशी ठेवावा, किंवा प्रोपेन मिसळलेला कॅन घ्यावा. कॅन ज्योतीजवळ शेकणे किंवा वाऱ्यासाठी स्टोव्हभोवती पत्र्याचे कडे पूर्ण बंद करणे म्हणजे कॅन फुटण्याला निमंत्रण आहे. आडोसा फक्त वाऱ्याच्या बाजूने असावा. दुसरा बिघाड परतल्यावर घडतो: उरलेले कॅन डिकीत राहतात आणि मे महिन्याच्या उन्हात बंद गाडी ५० अंशांच्या पुढे तापते, जी बहुतेक कॅनवर छापलेली मर्यादा आहे. ते घरी आणून सावलीत ठेवावेत.

जागेचेही पाहावे लागते. भंडारदऱ्याच्या परिसराचा काही भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात आग लावण्यास मनाई आहे. फेब्रुवारीनंतर डोंगरावरचे गवत एका ठिणगीने पेटते, म्हणून स्टोव्ह गावातल्या एखाद्या अंगणातच मांडावा. "काका, इथे गाडी लावून झोपलो तर चालेल का?" असे विचारल्यावर बहुधा जागाही मिळते आणि सकाळी चुलीवरचा चहाही, त्याचे पैसे मात्र आग्रहाने द्यावेत.

मुंबईत परतल्यावर गादी, जाळ्या आणि पायपुसणी त्याच दिवशी गाडीबाहेर काढून पंख्याखाली उभी करून वाळवावीत आणि सर्व दारे उघडून गाडी तासभर हवेला ठेवावी. नवीन मांडणीची चाचणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये घ्यायची असल्यास वॉचमनला आधी सांगून ठेवावे. झोपण्याची जागा, उतार आणि पंख्याचा आवाज एवढेच त्या चाचणीतून कळेल. ओलीचा निकाल मुंबईच्या उबदार रात्री लागत नाही, त्यासाठी घाटावरची डिसेंबरची रात्रच लागते. आणि जुलै-ऑगस्टमध्ये आंबोली किंवा माळशेजला जायचे असेल, तर गाडीत झोपण्याचा हट्ट सोडून सरळ खोली घ्यावी, कारण सततच्या धुक्यात वरच्यापैकी कोणत्याही उपायाने अंथरूण कोरडे राहत नाही आणि दरडीखाली रात्रभर गाडी उभी करणे शहाणपणाचे नाही.